थिकनेसर घ्यायचाय? आधी पात्यांचा भाव विचारा

वखारीतून आणलेली फळी मी आधी व्हर्नियरने मोजतो. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, तिथली ही खोड. गेल्या खेपेला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून 'एक इंची' म्हणून सागाच्या सहा फळ्या आणल्या. एक भरली २४.५ मिलिमीटर, एक २७ला टेकलेली, आणि एकीचं एक टोक दुसऱ्या टोकापेक्षा दीड मिलिमीटर जाड. वखारवाल्याला बोललो, तर म्हणाला, "काका, लाकूड आहे, लोखंड नाही." खरं आहे त्याचं. आऱ्यावरून उतरलेल्या फळीत एवढा फरक असायचाच. पण अशा दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या की जोडावर पायरी येते. ती रंध्याने मारून काढता येते. चार वर्षं मी तेच केलं. मग उजव्या खांद्याने तक्रार सुरू केली आणि मी थिकनेसर, म्हणजे फळी सगळीकडे सारख्या जाडीची तासून देणारं मशीन, शोधायला लागलो.

आजवर दोन घेतले. पहिला चुकला. दुसरा सहा वर्षं चालू आहे. रो हाऊसच्या मागे पत्र्याची ९ बाय ११ फुटांची शेड आहे, त्यात हे सगळं चालतं. ज्याच्याकडे एवढीच जागा, सिंगल फेज वीज आणि भिंतीपलीकडे शेजारी आहेत, त्याच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाकू. थिकनेसर वाकडी फळी सरळ करत नाही. फळीची खालची बाजू मशीनच्या पाटावर टेकलेली असते, वर पात्यांचा रूळ फिरतो आणि त्याच्या पुढेमागे असलेले रबरी रूळ फळी दाबून आत ओढतात. वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करायची, एवढंच त्याचं काम. फळीला बाक असेल तर रबरी रूळ तिला दाबून तेवढ्यापुरती सरळ करतात, पाती तासून घेतात, आणि पलीकडे बाहेर आली की ती पुन्हा आपल्या मूळ वळणावर जाते. हातात काय राहतं, तर सगळीकडे सारख्या जाडीची वाकडी फळी.

म्हणून मशीन घेण्याआधी ठरवायचं ते हे, की फळीची एक बाजू तुम्ही कशावर सपाट करणार? सरफेस प्लेनर, म्हणजे फळीची एक बाजू सपाट करणारं वेगळं मशीन, असेल तर प्रश्नच नाही. पण छोट्या शेडमध्ये दोन्ही कुठे मावायला? आमचे मिस्त्री पंचेचाळीस वर्षं रंधा मारताहेत. ते एक बाजू हाताने लावून देतात आणि दुसरी मशीनला घालतात. मी आळशी आहे, मी गाडी वापरतो.

गाडी म्हणजे १८ मिलिमीटर प्लायची एक सरळ पट्टी, फळीपेक्षा वीतभर लांब, पुढच्या टोकाला बारीक रिप ठोकलेली. ती रिप फळीपेक्षा बुटकी हवी आणि तिचा खिळा अगदी खाली बसलेला हवा, नाहीतर पाती आधी त्यालाच भेटतील. फळी हिच्यावर ठेवायची. पन्हळीसारखी वाकलेली असेल तर पन्हळीचं तोंड खाली. पीळ असेल तर दोन कोपरे टेकतात आणि दोन डुगडुगतात. डुगडुगणाऱ्या दोन्ही कोपऱ्यांत डुगडुग अर्धी अर्धी वाटून पाचरी घालायच्या. सगळी एकाच कोपऱ्यात घातलीत तर लाकूड दुप्पट वाया जातं. लांब फळीला मध्येही आधार द्यायचा, नाहीतर रुळाखाली ती तिथे दबते. पाचरी ग्लू गनने चिकटवून टाकायच्या. मग फळीवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारायच्या आणि गाडीसकट थिकनेसरमधून अर्धा-अर्धा मिलिमीटर घेत जायचं. सगळ्या रेघा गेल्या की ती बाजू सपाट झाली. गाडी काढा, फळी उलटी करा, आता नेहमीसारखी घाला. एका फळीला पंधरा मिनिटं जातात, पण सरफेस प्लेनरची जागा आणि पैसे दोन्ही वाचतात.

आणि थिकनेसर लागतोच का, हेही विचारा. वर्षाला दोन-तीन वस्तू करत असाल तर वखारीतच रंधा मशीन असतं, फळ्या मारून मिळतात. त्यात अडचण अशी की ते लोक एकाच दमात दोन सूत खेचतात (आठ सुतांचा इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर), गाठींजवळ धागे उपटले जातात, आणि 'मला १९ मिलिमीटरच हवी' म्हटलं की तुमच्याकडे बघायला लागतात. प्लायवुड आणि एमडीएफमध्येच काम करत असाल तर हे मशीन तुमच्या कामाचं नाही. तसला माल यात घालूही नका, त्यातल्या डिंकाने पाती बोथट होतात.

आता मशीन. टेबलावर ठेवायचे थिकनेसर बहुतेक १२ ते १३ इंच रुंदीचे असतात. लोक आधी रुंदी विचारतात. मी ती जवळजवळ शेवटी विचारतो, कारण बाजारात सागाची ८-९ इंचांपेक्षा रुंद सरळ फळी मिळणंच मुश्कील झालंय आणि मिळाली तर भाव ऐकून आपण परत ठेवतो. १२ इंच पुरतात. चिकटवून केलेला १६ इंची पाट या मशीनमध्ये जाणार नाही, १३ इंचीतही नाही. त्याला हातरंधाच.

माझा सध्याचा मकिताचा २०१२एनबी आहे. रुंदी ३०४ मिलिमीटर, मोटर १६५० वॉट, वजन २८ किलोच्या आसपास. म्हणजे कंबर शाबूत असलेल्या माणसाला कपाटाखालून काढून टेबलावर ठेवता येतो. दुसरं नाव नेहमी ऐकू येतं ते डिवॉल्टच्या डीडब्ल्यू ७३५चं. १३ इंची, तीन पाती, दोन वेग, भुसा बाहेर फेकायला स्वतःचा पंखा. मशीन उत्तम, पण ४२ किलोचं. ते एकदा ठेवलं की तिथेच. न्यू जर्सीतल्या पुतण्याने विचारलं होतं, "काका, इकडे स्वस्त आहे, घेऊन येऊ का?" त्याला म्हटलं, विमानात एका बॅगेला २३ किलो मिळतात, तू ४२ किलोचं लोढणं कुठे लटकवणार? शिवाय तिकडचं मशीन १२० व्होल्टचं आणि १५ अँपिअर ओढणारं. इथे त्याच्यापुढे निदान ३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, आणि तो ठेवायलाही जागा लागते. तिकडून पाती मागवा, मशीन नको.

पाती म्हटलं की मी जरा लांबतो, पण मशीन पाचव्या वर्षी वापरात आहे की चादरीखाली, हे पातीच ठरवतात.

फिनिश कशी येईल याचं गणित कागदावर करता येतं. रूळ मिनिटाला किती फेरे घेतो, त्याला गुणिले पात्यांची संख्या, भागिले फळी मिनिटाला किती पुढे सरकते. माझ्या मशीनचे फेरे ८५००, पाती दोन, म्हणजे मिनिटाला १७,००० घाव. फळी सरकते मिनिटाला ८.५ मीटर, म्हणजे ८५०० मिलिमीटर. भागाकार येतो मिलिमीटरला दोन घाव, इंचाला साधारण ५०. डीडब्ल्यू ७३५ मध्ये १०,००० फेरे आणि तीन पाती. जलद वेगाला इंचाला ९६ घाव, सावकाश वेगाला १७९. घाव जितके दाट, तितकी वरची लाट बारीक. दुकानदार कितीही 'काचेसारखी फिनिश' म्हणो, माहितीपत्रकातले हे तीन आकडे काढा आणि स्वतः भागाकार करा. इंचाला ५० म्हणजे नंतर पॉलिश पेपर मारावा लागणार, आणि मी मारतो. त्याचं मला दुःख नाही.

पाती दोन तऱ्हेची. बहुतेक छोट्या मशीनमध्ये हायस्पीड स्टीलची, दोन्ही कडांना धार असलेली, वापरा आणि फेका. एक कड गेली की उलटवा, दुसरी गेली की नवा जोड. ही पाती खाचेत किंवा पिनेवर आपोआप बसतात, गेज लावून इंचाच्या हजाराव्या भागात सेट करत बसावं लागत नाही. ते काम मी कारखान्यात भरपूर केलंय, घरी नको. दुसरी तऱ्हा म्हणजे रुळावर नागमोडी ओळीत बसवलेले कार्बाइडचे चौकोनी तुकडे. एक कड गेली की तुकडा पाव फिरवायचा, अशा चार कडा मिळतात. आवाज कमी, उलट्या धाग्याच्या लाकडातही उपटणं कमी, किंमत मात्र चांगलीच जास्त. काही स्वस्त मशीनवर 'स्पायरल' लिहिलेलं असतं आणि आत तुकडे नुसतेच सरळ रांगांत बसवलेले असतात. झाकण उघडून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

सागाला धार लवकर जाते, कारण सागात सिलिका असते. रंधा मारणाऱ्याला हे सांगायला नको. त्यामुळे इथल्या माणसाने दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "या मशीनचा पात्यांचा जोड केवढ्याला, आणि आत्ता तुमच्याकडे आहे का?" जोड कपाटातून काढून समोर ठेवला तर पुढे बोला. 'मागवून देतो' म्हणाला तर त्याला तारीख विचारा. मशीनच्या किमतीत पात्यांचे किती जोड येतात हाही भागाकार करून ठेवा. माझ्या पहिल्या मशीनचे पात्यांचे जोड वर्षभरात बाजारातून गायब झाले. मशीन स्वस्त होतं, डबा छान होता, नाव सांगत नाही.

त्या मशीनचा दुसरा रोग जास्त वाईट होता. डावीकडून काढलेली रिप आणि उजवीकडून काढलेली रिप यांच्या जाडीत ०.६ मिलिमीटरचा फरक. रूळ पाटाला समांतरच नव्हता आणि तो खालीवर करायला स्क्रूही दिलेला नव्हता. दुकानदार म्हणाला, "लाकडाला एवढं चालतं." चार इंची पट्टीला चालेलही, तिथे तो फरक ०.२ येतो. दहा इंची फळीत ०.५ येतो, आणि तशा फळीचा ड्रॉवर एका बाजूला घासत राहतो. शेवटी निम्म्या किमतीला दिला.

म्हणून खरेदीला जाताना खिशात व्हर्नियर आणि पिशवीत दीड फुटाच्या दोन रिपा न्या. दुकानात मशीन चालू करून दाखवत असतील तर एकाच सेटिंगवर एक रिप अगदी डाव्या कडेने, दुसरी अगदी उजव्या कडेने घाला. दोन्ही मधोमध मोजा. ०.१ मिलिमीटरपर्यंत फरक मी सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर विचारा, 'हे कुठून जुळवायचं?' आणि त्याला ते दाखवता आलं पाहिजे.

त्याच रिपांवर दुसरी परीक्षा. फळी आत शिरताना आणि बाहेर पडताना काही क्षण एकाच रबरी रुळाच्या पकडीत असते. तेवढ्यात तिचं टोक उचललं जातं आणि पाती तिथे जरा खोल उतरतात. दोन्ही टोकांना दोन-तीन इंचांवर खड्डा पडतो. व्हिडिओवाले याला स्नाइप म्हणतात. बोटाला तो लगेच कळतो, पॉलिश केल्यावर डोळ्यालाही. थोडा प्रत्येक मशीनला असतोच. रिपेचं टोक आणि मध्य मोजा, ०.१ असेल तर पेपरने जाईल, ०.३ असेल तर प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त लांब घ्यावी लागेल. सागाच्या आजच्या भावात फळीमागे सहा इंच कापून फेकायचे म्हणजे वर्षभरात किती होतात, ते मांडून बघा. रुळाचं डोकं चारही खांबांना घट्ट पकडणारं कुलूप आहे का आणि पाट पुढेमागे लांब आहे का, या दोन गोष्टींवर बरंच अवलंबून असतं. बाकी हाताचं काम: आत घालताना फळीचं मागचं टोक किंचित उचलून धरायचं, बाहेर येताना पुढचं. आणि सारख्या जाडीच्या फळ्या रेल्वेच्या डब्यांसारख्या एकीला एक चिकटवून घालायच्या, म्हणजे खड्डा पडलाच तर पहिल्या आणि शेवटच्या डब्यालाच पडतो.

विजेचं थोडक्यात. १६५० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ७ अँपिअरच्या वर. टीव्हीच्या ६ अँपिअरच्या प्लगवर लावू नका. १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि खरंखुरं अर्थिंग. बारीक वायरची लांब एक्स्टेंशन लावली की व्होल्टेज पडतं, मोटर दमते आणि तापते.

आवाज हा मात्र सविस्तर बोलायचा विषय. या छोट्या मशीनमध्ये मिक्सरसारखी कार्बन ब्रशची मोटर असते आणि आवाजही मिक्सरच्या घराण्यातलाच, फक्त थोरल्या भावाचा. कानावर मफ हवेतच, दोनच मिनिटांचं काम असलं तरी. शेजाऱ्यांशी मी ठरवून घेतलंय: सकाळी दहा ते बारा, रविवारी अजिबात नाही, बारावीची परीक्षा चालू असेल त्या घरासाठी महिनाभर बंद. बदल्यात दर दिवाळीला एक चौरंग किंवा पाट जातो. फ्लॅटच्या बाल्कनीत हे मशीन चालवायचा विचार असेल तर तो सोडा.

भुशाचा अंदाज कुणालाच नसतो, मलाही नव्हता. सहा फूट लांब, आठ इंच रुंद फळी २७ मिलिमीटरवरून २० वर आणायची, तर अडीच लिटरच्या वर भरीव लाकूड निघतं. त्याचा कीस झाला की तो फुगून पाच पट तरी होतो. म्हणजे एका फळीला बारा-तेरा लिटर, आठ फळ्यांना शंभर लिटर. पहिल्या दिवशी घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावला होता. दुसऱ्या फळीला तो तुंबला, आणि घरातून जे ऐकावं लागलं ते वेगळंच. मशीनला भुसा काढायचं तोंड जोडता येतं का, ते किती रुंद आहे आणि त्याची टोपी सोबत मिळते की वेगळी विकतात, हे विचारा. चार इंची पाइप आणि मोठ्या पिशवीचा डस्ट कलेक्टर असेल तर उत्तम. नसेल तर शेडबाहेर अंगणात मशीन ठेवून मागे ताडपत्री अंथरा. कीस भरून कुंड्यांना आणि गोठेवाल्याला जातो. बारीक धूळ मात्र नाकात जाऊ द्यायची नाही. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पक्कं ठरवलेलं आहे. तोंडाला रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क लावा.

जुन्या वाड्यांचं लाकूड पुण्यात मिळतं, आणि थिकनेसर आला की हात तिकडे वळतोच. शंभर वर्षं सुकलेला साग, तासला की आतून मधासारखा रंग. पण त्यात खिळे असतात. माझा एक नवाकोरा जोड पहिल्याच फळीला गेला. खिळ्याचं डोकं गंजून तुटलेलं, वर नुसता काळा ठिपका, मी तो गाठ समजलो. तेव्हापासून प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवतो, काळे ठिपके टोच्याने कुरतडून बघतो. छोटा हातातला मेटल डिटेक्टर घेतलात तर आणखी बरं, तो पात्यांच्या एका जोडात वसूल होतो. मातीचे, चुन्याचे थर ब्रशने आधी काढा.

वापराचे काही नियम दुकानात कुणी सांगत नाही. एका दमात जास्त खाऊ नका. माझ्या मशीनला १५० मिलिमीटर रुंदीपर्यंत ३ मिलिमीटर चालतात, पूर्ण रुंदीला दीडच. मी शेवटचे दोन फेरे अर्ध्या मिलिमीटरने घेतो. धागे कुठल्या दिशेने वर येतात ते फळीच्या कडेवर बघा. उपटायला लागले तर फळी फिरवून दुसऱ्या टोकाने घाला. चौदा इंचांपेक्षा आखूड तुकडा घालू नका. तो दोन रुळांच्या मध्ये सुटा पडला की पाती त्याला फेकून देतात. फळीच्या सरळ मागे उभं राहू नका आणि आत वाकून तर अजिबात बघू नका. अडकली तर आधी बटण बंद, रूळ थांबू द्या, मग हात. पाती बदलताना प्लग काढून माझ्यासारखा शर्टाच्या खिशात ठेवा.

आणि एकाच दिवसात शेवटच्या मापाला जाऊ नका. फळी तासली की आतलं ओलसर लाकूड हवेला येतं आणि रात्रीत ती वळते. दोन्ही बाजूंनी सारखं सारखं काढायचं, मापापेक्षा दीड मिलिमीटर जाड ठेवायची, मध्ये रिपा घालून थप्पी लावायची, आठवडाभर राहू द्यायची, मग शेवटचं माप. कुडाळहून भावाने फणसाच्या फळ्या पाठवल्या होत्या, कोकणातल्या दमट हवेतून आलेल्या. त्यांना मी दोन महिने शेडमध्ये नुसतं बसवून ठेवलं. तरी एक वळलीच.

जुनं मशीन मिळत असेल तर प्लग काढून पात्यांचा रूळ हाताने हलवून बघा, बेअरिंगमध्ये खेळ नको. रबरी रुळाला नख लावा, काचेसारखे कडक झाले असतील तर ते फळी ओढणार नाहीत, आणि नवे मिळतात का ते आधी शोधा. ओतीव लोखंडाचं देशी रंधा-थिकनेसर जोडमशीन याच पैशात येतं आणि सरफेस प्लेनरही त्यातच मिळतो. शेड मोठी, फरशी पक्की आणि उचलायला चार माणसं असतील तर तेच घ्या. माझ्या दारातून ते आत येत नव्हतं.

पावसाळ्यात पाटाला गंज चढतो, मग फळी अडखळत सरकते. जूनच्या आधी पाट बारीक स्टील वूलने पुसून मेणाचा हात द्यायचा, मेणबत्तीचं मेण घासून कापडाने चोळलं तरी चालतं. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. झाकायला प्लास्टिक वापरू नका, आत दमट हवा कोंडून गंज उलट वाढतो. माझ्या मशीनवर सौ.ची जुनी सुती साडी असते, तीन घड्या घालून.